मुळा-मुठेचा मासा आणि कर्नल साईक्स

आपल्या हॉस्टेलमधली पुण्याकडची पोरं सुट्टीला निघाली की एसटी नगर (आताचं अहिल्यानगर) मागे टाकून शिरूरच्या अलीकडे घोड नदीचा पूल ओलांडते. त्या वेळी आपण एकतर झोपलेले असतो, नाहीतर कानात गाणी चालू असतात. नदीकडे कोण बघतो? पण याच घोड नदीतल्या एका माशाने जगभरच्या मत्स्यशास्त्रज्ञांना पावणेदोनशे वर्षं गोंधळात ठेवलं, असं सांगितलं तर पटेल का? मला स्वतःला आधी पटलं नव्हतं. त्या माशाला शास्त्रात नाव दिलं ते विल्यम हेन्री साईक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. पक्षीनिरीक्षण करणाऱ्यांना हे नाव पाठ असतं. साईक्सचा चंडोल, साईक्सचा रातवा अशी नावं त्यांच्या पुस्तकांत छापलेली असतात. आपल्याला मात्र हा माणूस फारसा माहीत नाही. म्हणून हा लेख.

साईक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधला. १८०३ साली, म्हणजे वयाच्या तेराव्या वर्षी, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून दाखल झाला. आपण आठवीत शाळेला दांडी मारत होतो त्या वयात हा पोरगा बंदूक घेऊन परक्या देशात आला. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता. १८१७ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, तिथेही तो होता. अर्थात समोरच्या बाजूला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचं कौतुक करायचं आहे आणि ते करताना हा माणूस कोणाच्या पगारावर होता हे विसरून चालणार नाही.

आपल्या गावाशीही त्याचा संबंध आहे. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. तरी साईक्स वेरूळला आला, लेणी पाहिली आणि त्यांच्यावर सविस्तर लेख लिहिला. मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या १८२३ सालच्या खंडात तो छापून आला. आपण फर्स्ट इयरला असताना एक दिवस वेरूळला जातो, कैलास लेण्यासमोर ग्रुप फोटो काढतो आणि भजी खाऊन परत येतो. असो.

पेशवाई संपली आणि दख्खन कंपनीच्या ताब्यात आलं. आता सारा किती बसवायचा? त्यासाठी मुलूख नीट माहीत हवा. जमीन कशी, पीक काय, पाऊस किती, माणसं किती, गुरं किती. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२४ साली साईक्सला हे काम दिलं. पदाचं नाव होतं स्टॅटिस्टिकल रिपोर्टर, म्हणजे सरकारी आकडेवारी गोळा करणारा. पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड असा त्याचा टापू. तंबू, घोडे, बैल आणि उपकरणांच्या पेट्या घेऊन तो सहा वर्षं या मुलखात फिरला. तेव्हा ना पक्के रस्ते होते ना रेल्वे. सह्याद्रीच्या घाटात पावसाने झोडपलेलं रान आणि पूर्वेला उघडीबोडकी माळरानं. नद्यांवर आजच्यासारखं एकही मोठं धरण नव्हतं, त्यामुळे पावसाळ्यात मासे वाटेल तितके वर चढून जायचे.

आता आपल्या कामाचा भाग. साईक्सकडे बॅरोमीटर होतं आणि तो दिवसातून अनेकदा त्याच्या नोंदी घ्यायचा. त्यातून त्याला दिसलं की दख्खनमध्ये हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. साधारण सकाळी दहा आणि रात्री दहाला जास्त, पहाटे चार आणि दुपारी चारला कमी. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी हवेलाही असते. यावरचा त्याचा लेख १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. दुसरी गंमत म्हणजे साध्या थर्मामीटरने डोंगराची उंची मोजायची पद्धत. पाणी उकळायचं आणि कितीला उकळतं ते बघायचं. दर तीनशे मीटर चढलं की उत्कलनबिंदू जवळपास एक अंश सेल्सियसने खाली येतो. यावरही त्याने लेख लिहिला. आपण प्रॅक्टिकलला ऑब्झर्व्हेशन टेबल शेजाऱ्याच्या जर्नलवरून उतरवतो आणि हा माणूस उन्हातान्हात, कुणी व्हायवा घेणार नसताना, नोंदी घेत बसला होता. १८२९ च्या अखेरीस सरकारने त्याचं पदच रद्द केलं. तरी त्याने परवानगी मागून घेऊन काम पूर्ण केलं आणि मगच १८३१ साली तो मायदेशी निघाला.

सरकारला हवी होती सारावसुलीची आकडेवारी. साईक्सने त्याच्यासोबत जनावरं, पक्षी आणि मासेही मोजले. दख्खनचा रानकुत्रा, म्हणजे आपला कोळसुंदा, त्याने १८३१ साली शास्त्राला सांगितला. आज या रानकुत्र्याच्या भारतातल्या उपजातीच्या नावात दख्खन आहे ते त्याच्यामुळे. १८३२ साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. तिच्यात सव्वादोनशेच्या आसपास पक्षी होते आणि त्यातले कित्येक शास्त्राला नवे होते. आपल्या मेसच्या मागे सांडपाण्याच्या कडेला मान आखडून बसलेला आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र दिसणारा वंचक बगळा तुम्ही पाहिला असेल. त्याचं शास्त्रीय नाव साईक्सने दिलेलं आहे. एका रातव्याच्या नावात त्याने मराठा हा शब्द घातला, एका वटवट्याला राम हे नाव दिलं, तर एका चंडोलाला देव.

माशांच्या बाबतीत तर त्याने कमालच केली. नदीकाठच्या मासेमारांकडे ताजा मासा मिळाला की त्याची मापं घ्यायची, चित्र काढून घ्यायचं आणि याला तुम्ही काय म्हणता असं विचारायचं. ते जे सांगतील तेच इंग्रजी स्पेलिंगमध्ये वहीत लिहायचं. पुढे १८३९ साली त्याने दख्खनच्या चाळीसहून अधिक माशांची वर्णनं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली, १८४१ मध्ये ती चित्रांसह छापली आणि शास्त्रीय नावं म्हणून बहुतेक ठिकाणी हीच मराठी नावं ठेवली. म्हणून आजही जगातल्या कुठल्याही विद्यापीठात मळ्या मासा गारा मुल्या असतो, शिंगाळा स्पेराटा सिंघाला असतो. नुकटा, टाकरी, कोळस हे सगळे शब्द लॅटिन नावांच्या शेजारी जाऊन बसलेत. ज्यांनी ही नावं सांगितली त्या कोळ्या-भोयांपैकी एकाचंही नाव इतिहासात नाही. पण त्यांची भाषा मात्र टिकली. त्या काळी साहेब लोक नव्या प्राण्याला आपल्या मित्राचं नाहीतर वरिष्ठाचं नाव देऊन मोकळे व्हायचे. साईक्सनेही काही ठिकाणी ते केलं. तरी बहुतेक माशांच्या बाबतीत त्याने नदीकाठचा शब्द प्रमाण मानला, हे मला फार मोठं वाटतं.

या यादीतले दोन मासे महत्त्वाचे. पहिला पुण्याच्या मुळा-मुठेतला खडशी, म्हणजेच निळसर परांचा महसीर. साईक्सने त्याला खुद्री नाव दिलं. दुसरा शिरूरच्या घोड नदीतला, त्याचं नाव मुसल्ला. महसीर म्हणजे गोड्या पाण्यातला वाघच. वाहतं, स्वच्छ, भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी आणि अंडी घालायला खडीचा तळ त्याला लागतो. गळ टाकून मासेमारीचा शौक करणारे जगभरातून त्याच्यासाठी भारतात यायचे, हिमालयातल्या नद्यांवर जायचे तसे दक्षिणेत कावेरीवरही. कावेरीच्या खोऱ्यातला महसीर तर पाठीवर कुबड असलेला आणि अवाढव्य. १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे चोपन्न किलोचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. आपल्या वर्गातल्या बारीक पोरापेक्षा जड!

गोंधळ झाला तो इथेच. साईक्सने वर्णनं आणि चित्रं दिली, पण मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. पुढच्या लोकांनी कावेरीचा कुबडवाला महसीर म्हणजेच साईक्सचा मुसल्ला असं धरलं आणि ते नाव चिकटलं. २०१३ साली शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासलं तेव्हा साईक्सचा मुसल्ला हा महसीरच नाही, वेगळ्याच प्रजातीतला (जीनसमधला) मासा आहे असं दिसून आलं. मग कावेरीचा तो राक्षस कोण? त्याला नावच उरलं नाही. आणि नाव नाही तर धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत नोंद करणार कशी?

तिकडे नदीत काय चाललं होतं? लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून वळवण तलावाजवळ आपल्या खडशीची पैदास सुरू केली. हेतू चांगला होता. धरणांमुळे मासा कमी होत होता, म्हणून लाखो पिल्लं तयार करून देशभर पाठवली. त्यामुळे खडशी मासा सावरला, आता तो धोक्याच्या गटात नाही. पण ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे गळ टाकणारे मासा पकडून, त्याची नोंद करून परत पाण्यात सोडत. त्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. बाहेरून आणलेला खडशी वाढत गेला आणि कुबडवाला महसीर संपत गेला. शौकीन लोकांच्या त्या वह्या नसत्या तर हे कळलंही नसतं. अखेर २०१८ साली त्या माशाची ओळख पटली. केरळातल्या पांबार नदीतून २००७ साली वर्णन केलेला टॉर रेमादेवी तो हाच, असं सिद्ध झालं. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला.

साईक्सला अर्थातच यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. इंग्लंडला परतल्यावर तो १८३४ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या स्थापनेत होता, पुढे तिचा अध्यक्षही झाला. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक, १८५६ मध्ये अध्यक्ष. दुसऱ्याच वर्षी सत्तावनचा उठाव झाला आणि १८५८ साली कंपनीचं राज्यच गेलं. १८५७ पासून शेवटपर्यंत तो अॅबर्डीनचा खासदार होता. १६ जून १८७२ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तो वारला.

आपल्याला यातून काय घ्यायचं? साईक्सला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्याची मोजणी आपल्या शेतकऱ्यावर सारा बसवण्यासाठीच होती. पण त्याने दोनशे वर्षांपूर्वी मोजलं म्हणून आज काय गेलं ते आपल्याला सांगता येतं. मुळा-मुठेचं पाणी आज काय आहे ते पुण्याची पोरं सांगतील. आणि चांगल्या हेतूने केलेलं काम नोंदीशिवाय केलं तर एका नदीचा मासा दुसऱ्या नदीचा मासा संपवतो, हेही यातून दिसलं. उद्या आपल्यातलेच कुणी धरणावर, कालव्यावर, सांडपाणी प्रकल्पावर काम करणार आहेत.

पैठण आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. नाथसागरावर आपण संत ज्ञानेश्वर उद्यान बघायला जातो, थंडीत पक्षी बघायलाही जातो. या वेळी गेलात तर काठावर जाळं आवरणाऱ्या एखाद्या काकांजवळ दहा मिनिटं बसा. आज काय लागलं, त्याला काय म्हणतात, पूर्वी काय मिळायचं आणि आता मिळत नाही, एवढं विचारा. आणि वहीत लिहून ठेवा, तारखेसह.