विश्लेषण : दादासाहेब फाळके दोन आठवड्यांत सिनेमा कसा शिकले?

भारतीय सिनेमाची गोष्ट ३ मे १९१३ पासून सांगितली जाते. त्या दिवशी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आदल्या वर्षीचं एक छोटं प्रकरण मात्र ब्रिटिश सिनेमाच्या इतिहासातही मोडतं. धुंडिराज गोविंद फाळके तेव्हा जेमतेम दोन आठवडे लंडनमध्ये होते. एवढ्या वेळात अख्खा धंदा कसा शिकता आला?

एक उत्तर त्यांच्या आधीच्या आयुष्यात आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके जे. जे. स्कूल आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. पुढे फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात नकाशानवीस, लोणावळ्याचा छापखाना, मधूनमधून जादूचे प्रयोग. भिंग, रसायनं आणि यंत्रं त्यांच्या हाताखालून गेलेली होती. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून ते झपाटले. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासं झालं. तरी विमा पॉलिसी गहाण टाकून १० हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला बोट पकडली.

लंडनमध्ये कोण भेटलं?

तिथे त्यांच्या ओळखीचं एकच नाव होतं, ते ज्याचे वर्गणीदार होते ते ‘बायोस्कोप’ साप्ताहिक. ते थेट कचेरीत गेले. संपादकांनी आधी परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. इंग्लंडमधलेच निर्माते डबघाईला आलेत आणि हिंदुस्थानची हवा चित्रीकरणाला मानवणार नाही, असं त्यांचं मत होतं. पण माणूस हटत नाही हे पाहून त्यांनीच फाळक्यांना वॉल्टन इथल्या सेसिल हेपवर्थकडे पाठवलं.

हेपवर्थ साधा माणूस नव्हता. १८९७ मध्येच त्याने सिनेमाच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं होतं. त्याचा १९०५ चा ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ इतका खपला की निगेटिव्ह झिजून चित्रपट पुन्हा दोनदा चित्रित करावा लागला. त्याने स्टुडिओचे सगळे विभाग फाळक्यांसाठी उघडे केले. तेव्हाचा ब्रिटिश सिनेमा हा कारखान्यापेक्षा वर्कशॉपच्या जवळचा होता. फाळक्यांनी ५० पौंडांना कॅमेरा घेतला तो विल्यमसनचा, आणि हा विल्यमसन मुळात होव्ह गावचा औषधविक्रेता. छापखानेवाल्याला हे जग परकं वाटण्याचं कारणच नव्हतं.

त्यांनी फिल्मला भोकं पाडणारं यंत्रही मागवलं. कच्ची फिल्म कोरी यायची. कडेची भोकं सारख्या अंतरावर नसतील तर पडद्यावर चित्र थरथरतं. दादरच्या घरी अंधारात बसून हे काम सरस्वतीबाईंनी केलं. सिनेमाच्या इतिहासात त्यांना यासाठी मिळते त्याहून बरीच मोठी जागा मिळायला हवी. पहिला प्रयोग झाला कुंडीतल्या मटाराच्या रोपावर, रोज थोडं थोडं चित्रीकरण करून. ती फिल्म दाखवूनच भांडवल मिळालं.

१९१४ मध्ये फाळके तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. हेपवर्थने इंग्लंडमध्येच चित्रपट करण्याचा प्रस्ताव ठेवला, तो त्यांनी नाकारला. मग महायुद्ध पेटलं.

आज काय उरलं आहे?

फाळक्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं आहेत, ती मोबाईलवरही पाहता येतात. पण ती १९१३ ची की त्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा बनवलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणूनच ‘बायोस्कोप’सारख्या जुन्या अंकांना मोल आलं आहे. फिल्म जळाली तरी कधी काय दाखवलं, याची नोंद कागदावर राहते.

ब्रिटनने चित्रपट जपायला १९३५ मध्ये सुरुवात केली, तेव्हा फाळके हयात होते. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं १९६४ मध्ये, तब्बल २० वर्षांनी.

आणि हेपवर्थ? १९२४ मध्ये त्याची कंपनी बुडाली आणि त्याच्या निगेटिव्ह चांदीसाठी वितळवल्या गेल्या.