विहिरीतली हवा आणि प्रोफेसर हाल्डेन

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सबमिशन, ओरल सगळं आटोपून मी गावी गेलो होतो. दोनच दिवसांनी शेजारच्या वाडीत दोन माणसं विहिरीत गेली. विहीर जुनी, बरीच वर्षं बंद पडलेली. गाळ काढायला एक जण उतरला आणि तळाशी गेल्यावर खाली बसला तो बसलाच. त्याला चक्कर आली असेल म्हणून दुसरा धावत उतरला. तोही वर आला नाही.

पेपरात चार ओळींची बातमी आली. नावं, वयं, पोलिसांत नोंद, हळहळ. का गेले, ते कुठेच नाही. गावात कुणी म्हणालं जागाच वाईट आहे, कुणी म्हणालं अमावास्या जवळ होती.

मला मात्र कारण ठाऊक होतं. कार्बन डायऑक्साइड हवेच्या साधारण दीडपट जड असतो. बंद विहिरीत पालापाचोळा कुजतो, हवा हलत नाही, मग हा वायू तळाशी साठतो आणि प्राणवायू कमी पडतो. बारावीपासून हे मी परीक्षेत लिहीत आलोय. त्याचे मार्कही मिळाले. पण गावात एका माणसालाही मी ते कधी सांगितलं नव्हतं. ही गोष्ट मनातून जाईना.

पुढच्या सेमिस्टरला सेमिनारसाठी मी खाणीतले विषारी वायू हा विषय घेतला. लायब्ररीत शोधाशोध करताना जे. बी. एस. हाल्डेन हे नाव सारखं समोर येऊ लागलं. आधी वाटलं कुणी मायनिंग इंजिनिअर असेल. निघाले जनुकशास्त्राचे प्रोफेसर, आणि तेही दर आठवड्याला पेपरात लिहिणारे! सेमिनार बाजूला राहिला आणि मी त्यांच्याच मागे लागलो.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ चा, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचा. वडील जॉन स्कॉट हाल्डेन श्वसनावर संशोधन करायचे आणि त्यासाठी कोळशाच्या खाणीत उतरायचे. लहानग्या जॉनलाही एकदा ते बरोबर घेऊन गेले. एका बोगद्यात त्याला उभं राहून शेक्सपियरच्या नाटकातलं पाठ केलेलं भाषण म्हणायला लावलं. थोडं म्हणून होतंय तोवर पोराला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीवर पडल्यावर मात्र त्याला नीट श्वास घेता येऊ लागला. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताशी साठतो, खालची हवा चांगली असते. हा धडा त्या मुलाला पुन्हा कधी शिकवावा लागला नाही. आपल्या विहिरीतलं गणित याच्या बरोबर उलटं, तिथे मरण तळाशी असतं.

गंमत म्हणजे या माणसाकडे विज्ञानाची पदवी नव्हतीच. ऑक्सफर्डला आधी गणित आणि मग ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान, एवढंच शिक्षण. मधे पहिलं महायुद्ध आलं. त्यात ते जखमी झाले, काही काळ हिंदुस्थानातही राहून गेले. पुढे केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि १९३३ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्रोफेसर झाले. डार्विनचा नैसर्गिक निवडीचा विचार आणि मेंडेलचे नियम यांची गणितात सांगड घातली ती फिशर, राईट आणि हाल्डेन या तिघांनी. हे त्यांचं मोठं काम.

आपल्या ब्रँचच्या मंडळींसाठी दोन गोष्टी. १९२३ साली केंब्रिजमधल्या एका व्याख्यानात त्यांनी सांगून टाकलं होतं की कोळसा संपल्यावर इंग्लंड पवनचक्क्यांवर चालेल आणि जादा विजेतून हायड्रोजन करून तो साठवला जाईल. आज ग्रीन हायड्रोजनवर सेमिनार देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुसरी गोष्ट १९२६ च्या एका निबंधातली. माणूस दसपट उंच केला तर वजन हजारपट वाढेल, पण हाडाचा छेद शंभरपटच वाढेल. म्हणजे हाडावरचा ताण दसपट. राक्षसाने पहिलं पाऊल टाकलं की मांडीचं हाड मोडणार! स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स मला या निबंधाने जेवढं समजलं तेवढं एका अख्ख्या सेमिस्टरमध्ये समजलं नव्हतं.

१९३७ पासून ते डेली वर्कर या कामगारांच्या, कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात दर आठवड्याला विज्ञानावर लिहू लागले. १९५० पर्यंत तीनशेहून जास्त लेख झाले. वाचणारे गिरणीतले, खाणीतले, गोदीतले लोक. लेख कसा लिहावा यावरही त्यांनी १९४६ मध्ये एक लेख लिहिला. त्याचं सार असं की सुरुवात वाचकाच्या रोजच्या अनुभवातून करायची, वाक्यं लहान ठेवायची आणि लिहून झालं की विषय न कळणाऱ्या मित्राला वाचायला द्यायचं.

त्यांचं ज्ञान कागदावरच राहिलं असंही नाही. १ जून १९३९ ला थेटिस ही नवी पाणबुडी चाचणीच्या वेळी लिव्हरपूलजवळ समुद्रात बुडाली. आत १०३ माणसं होती, चार सुटली, ९९ गेली. त्यांत गोदीतले कामगारही होते. कामगार संघटनांनी कारण शोधायला हाल्डेन यांना गाठलं. ते काही स्वयंसेवकांसह पोलादी पेटीत बंद होऊन बसले. श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड वाढत गेला, डोकं ठणकायला लागलं, धाप लागली, आणि ते नोंदी घेत राहिले. विहिरीत आपल्या माणसांचं जे झालं तेच त्या पाणबुडीत झालं होतं. पुढे नौदलासाठी असेच प्रयोग करताना आलेल्या झटक्यात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. ते दुखणं जन्मभर राहिलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर ही नुसती आरती होईल. १९४८ मध्ये सोव्हिएत रशियात लायसेंकोचं मत सरकारी ठरलं आणि खरं जनुकशास्त्र मोडीत निघालं. हाल्डेन यांना ज्यांनी पूर्वी रशियात बोलावलं होतं ते वाविलोव्ह त्याआधीच, १९४३ मध्ये, तुरुंगात मेले होते. जनुकांचं गणित मांडणाऱ्या माणसाने अशा वेळी खणखणीत नाही म्हणायला हवं होतं. पण पक्ष आडवा आला आणि ते जाहीरपणे गुळमुळीत बोलत राहिले. शेवटी ते पक्षापासून दूर झाले, पण उशिरा. मला वाटतं, पेपरात लिहिणाऱ्या प्राध्यापकाची खरी परीक्षा इथेच असते. सोपं लिहिणं जमतं, आपल्याच माणसांना न आवडणारं लिहिणं अवघड जातं.

१९५७ साली ते भारतात आले ते कायमचे. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं, अंगात कुर्ता आला. शेवटची वर्षं भुवनेश्वरला गेली. इथल्या पेपरांतही ते लिहीत राहिले. कॅन्सर झाला तेव्हा त्यावर विनोदी कविता लिहून १९६४ मध्ये लंडनच्या साप्ताहिकात छापली. उद्देश एकच, लोकांनी लाज सोडून वेळेवर डॉक्टरकडे जावं. बीबीसीसाठी स्वतःचा मृत्युलेखही स्वतःच चित्रित करून ठेवला. १ डिसेंबर १९६४ ला ते गेले आणि देह काकिनाड्याच्या मेडिकल कॉलेजला दिला गेला. मेल्यावरही शिकवणं चालूच!

हे सगळं वाचून मीही एक पान लिहिलं. बंद विहिरीत एकदम उतरू नये. आधी कंदील सोडून बघावा. विझला तर अजिबात उतरू नये, पण तेवत राहिला म्हणून धोका नाही असंही समजू नये, कारण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाही. आणि मुख्य म्हणजे खालचा माणूस पडला तर वाचवायला दुसऱ्याने तसंच उडी मारून जाऊ नये, अग्निशमन दलाला बोलवावं. पान मेसच्या काकांना वाचून दाखवलं. घनता शब्दाला ते अडले. मी तिथे जड लिहिलं. तालुक्याच्या साप्ताहिकाने ते छापलं.

आपल्या कॉलेजात भूकंपाचं, पाण्याचं, रस्त्यांचं जाणणारे सर आणि मॅडम आहेत. त्यांचे पेपर जर्नलमध्ये येतात, आम्हाला अभिमान आहे. पण वर्षातून एखादं पान गावच्या पेपरलाही द्यावं, एवढीच नम्र विनंती. टायपिंग आम्ही हॉस्टेलवाले करून देऊ.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी