प्रधान विशाळदेवांचा पुत्रस्नेह

लीळाचरित्राचा एकांक उघडणाऱ्या प्रत्येक उपदेशी माणसाला भडोचच्या प्रधान विशाळदेवांचे नाव ठाऊक असते. सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या अवतारकथेच्या आरंभी ते येते आणि थोड्याच लीळांनंतर मागे पडते. वाचकाची दृष्टी प्रभूंच्या पाठोपाठ ऋद्धिपुराकडे आणि सालबर्डीकडे निघून जाते, विशाळदेव भडोचलाच राहतात. परंतु ज्या देहाने परमेश्वराने जीवोद्धरणाचे कार्य केले, तो देह या गृहस्थाने वाढविला होता, चितेपर्यंत पोहोचविला होता आणि शेवटी स्वतःच्या अनुज्ञेने घराबाहेर जाऊ दिला होता. म्हणून त्यांचे चरित्र स्वतंत्रपणे चिंतन करण्याजोगे आहे. लेकराच्या प्राणसंकटात आईबापांची श्रद्धा कशी असते आणि कशी असावी, या प्रश्नाचा विचार करताना तर ते विशेष उपयोगी पडते.

विशाळदेव हे लाड सामवेदी ब्राह्मण. नर्मदा जेथे सागराला मिळते, त्या मुखाजवळचे भडोच हे प्राचीन काळापासूनचे व्यापारी बंदर. तेथील राजाचे ते प्रधान होते. त्यांच्या पत्नी माल्हणदेवी, पुत्र हरिपाळदेव आणि सून कमळाइसा. काळ इसवीच्या तेराव्या शतकाच्या आरंभीचा. देवगिरीच्या गादीवर यादव सिंघण होता आणि त्याच्या सेना लाट व गुर्जर देशांवर एकापेक्षा अधिक वेळा चालून गेल्या. अशा काळात सीमेवरच्या संपन्न बंदराचे प्रधानपद म्हणजे रात्रंदिवस जागे राहण्याचे काम. सैन्य, कोठार, तह आणि दगा या सर्वांचा हिशेब ठेवणारा हा पुरुष होता. ज्या गोष्टीवर उपाय चालतो, तिच्यावर उपाय करणे हा त्याचा व्यवसायच होता.

आणि ज्या गोष्टीवर उपाय चालत नाही, ती त्याच्याच घरात येऊन उभी राहिली. ऐन तारुण्यातले हरिपाळदेव आजारी पडले. प्रधानाच्या घरी वैद्यांची उणीव नसते, औषधांची नसते, दानाला लागणाऱ्या द्रव्याचीही नसते. तरी दुखणे हटले नाही. हरिपाळदेवांचे प्राण गेले. वडिलांच्या खांद्यावरून मुलगा निघाला आणि स्मशानात लाकडे रचली गेली.

ही कथा सांगताना पुष्कळदा येथे घाई होते. पुढे काय घडले हे सर्वांना माहीत असते, म्हणून मध्यंतरीच्या दुःखाला कोणी फारसा अवसर देत नाही. परंतु विशाळदेवांना पुढचे माहीत नव्हते. घरापासून स्मशानापर्यंतची वाट त्यांनी मृत पुत्राचा पिता म्हणूनच चालली. तेथे आशा नव्हती, नवस उरला नव्हता, प्रार्थनेचा विषयही संपला होता. एखाद्या माणसाच्या श्रद्धेची थोरवी पाहून हा प्रसंग घडून आला, असे लीळाचरित्र सांगत नाही. या मौनातच प्रसंगाचे मर्म आहे.

त्याच सुमारास तेथून दूर, सौराष्ट्राच्या टोकाला द्वारावतीस दुसरी घटना घडत होती. श्रीचांगदेव राऊळ तेथे क्रीडा करीत होते. त्यांचा जन्म फलटणचा. पिता जनकनायक यांना संतान नव्हते, म्हणून चांगदेवाच्या स्थानी नवस केला गेला आणि पुत्र झाल्यावर त्याच देवाचे नाव त्याला ठेवण्यात आले. लोकांनी त्याला नवसाचे फळ मानले. परमेश्वर मात्र कोणाच्या नवसाला बांधलेला नव्हता. पुढे ते घर सोडून मातापुरास, म्हणजे आजच्या माहूरला गेले, तेथे श्रीदत्तात्रेय प्रभूंकडून शक्तिस्वीकार केला आणि मग द्वारावतीस राहिले. तेथे कामाख्या नावाच्या योगिनीने आपल्या सामर्थ्याच्या बळावर त्यांच्यापाशी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी योगमार्गाने देहत्याग केला. त्याच वेळी भडोचच्या स्मशानात हरिपाळदेवांचा देह चितेजवळ होता. परमेश्वराने तो देह स्वीकारला. संप्रदायात या घटनेचा काळ शके ११४२-४३ च्या सुमाराचा, म्हणजे इ.स. १२२० च्या आसपासचा सांगतात आणि भाद्रपद शुद्ध द्वितीया हा अवतारदिन म्हणून पाळतात.

चितेवरचा मुलगा उठला. रडण्यासाठी आलेले लोक आनंदाने घरी परतले. माल्हणदेवींना पुत्र मिळाला, कमळाइसेला पती मिळाला, विशाळदेवांच्या घराचा अंधार गेला. लौकिक दृष्टीने येथे कथा पूर्ण होते. मृत्यू आला, हरला आणि कुटुंब पुन्हा नांदू लागले.

शास्त्रदृष्टीने मात्र कथेचा आरंभ येथेच होतो. परमेश्वर तीन प्रकारांनी देह स्वीकारतो, असे निरूपण आहे : गर्भीचा, पतित आणि दवडणे. पतित म्हणजे जीवाने सोडलेल्या देहाचा स्वीकार, आणि श्रीचक्रधर प्रभूंचा अवतार या प्रकारचा. याचा अर्थ स्पष्ट आहे. हरिपाळ नावाचा जो जीव विशाळदेवांच्या घरी वाढला, तो आपल्या कर्मानुसार निघून गेला होता. तो परत आला नाही. परत आला तो देह, आणि त्या देहात स्वतः परमेश्वर होता. म्हणून विशाळदेवांनी पुत्र गमावला हे खरे, आणि पुत्र परत मिळाला हेही त्यांच्या डोळ्यांना दिसत होते. दोन्ही गोष्टी एकाच मुखावर होत्या आणि पित्याला त्यांतली एकच कळत होती.

श्रीकृष्ण चक्रवर्तींच्या चरित्रात आईबापांच्या दोन जोड्या आढळतात. कारागृहातील वसुदेव-देवकींना आपल्या पोटी कोण आले हे कळले होते. तरी त्याच रात्री त्याला गोकुळात पोहोचवावे लागले. त्यांच्या वाट्याला ज्ञान आले, सहवास आला नाही. नंद-यशोदेला सहवास मिळाला, परंतु कालियाच्या डोहाच्या काठी ती दोघे आक्रोश करीत होती, कारण डोहात उतरलेला कोण आहे हे त्यांना उमगले नव्हते. विशाळदेवांना प्रारंभी नंदाप्रमाणे सहवास मिळाला आणि ज्ञान मिळाले नाही. नंतर वसुदेवाप्रमाणे वियोगही पत्करावा लागला. दोन्ही पित्यांचे दुःख त्यांच्या एकट्याच्या वाट्याला आले.

घरात काही काळ सुखाने गेला. हरिपाळदेव संसारात वागत, मित्रांत रमत, द्यूत खेळत. एकदा खेळात हार झाली आणि देणे अंगावर आले. त्यांनी कमळाइसेपाशी अलंकार मागितले, तिने ते दिले नाहीत. संसारी जनांचा स्नेह किती खोल असतो, हे त्या एका नकाराने प्रकट झाले. तिला दोष देण्याचे कारण नाही. घर सांभाळणाऱ्या स्त्रीने दागिने राखले, एवढेच तिने केले. परंतु जेथून उदास व्हायचे, तेथे परमेश्वर निमित्त शोधतो, आणि हे निमित्त पुरेसे झाले. हरिपाळदेवांचे मन घरातून उठले. त्यांनी रामयात्रेस, म्हणजे रामटेकास जाण्याची इच्छा प्रकट केली.

विशाळदेवांच्या चरित्रातील खरी परीक्षा येथे आहे. स्मशानात त्यांच्या हाती काही नव्हते. मृत्यूने अनुज्ञा मागितली नव्हती. आता पुत्र अनुज्ञा मागत होता आणि नकार देण्याचे सामर्थ्य पित्याच्या हाती होते. कारणही सबळ होते. रामटेकाची वाट परराज्यातून जाणारी, ज्यांच्याशी वैर त्यांच्या मुलखातली. शत्रूच्या देशात प्रधानाचा एकुलता आधार जाणार, तोही चितेवरून परत आलेला. कोणताही बाप जे म्हणेल तेच विशाळदेव म्हणाले. त्यांनी प्रथम संमती दिली नाही.

ज्याने एकदा लेकराचे प्रेत पाहिले आहे, त्याचे भय इतरांच्या भयासारखे नसते. लेकरू थोडे खोकले तरी त्याच्या काळजात धस्स होते, दाराबाहेर जायला निघाले तर त्याचे हात आपोआप आडवे होतात. हे भय प्रेमातूनच जन्मते, परंतु तेच पुढे पाश होते. संकट टळल्यावर माणूस देवाचे आभार मानतो आणि लगेच मिळालेल्या वस्तूभोवती कुंपण घालतो. ज्याच्या कृपेने ती मिळाली, त्याला ती परत हवी असेल हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही.

पुत्राचे मन घरात लागत नाही, हे विशाळदेवांनी पाहिले. आग्रह चालू राहिला आणि शेवटी पित्याने संमती दिली. बरोबर माणसे आणि साहित्य देऊन प्रवासाची सर्व सिद्धता केली. येथेही प्रधानाचा स्वभाव दिसतो : जाऊ तर दिले, परंतु रक्षणाची व्यवस्था करून. हरिपाळदेवांनी वाटेत त्या माणसांना हळूहळू माघारी धाडले आणि अखेर उरलेल्यांनाही सोडून एकटेच पुढे निघून गेले. पित्याने पाठविलेले सर्व संरक्षण असे वाटेत गळून पडले. ज्याने स्वतः देह धारण केला आहे त्याला भाल्या-तलवारींचा पहारा कशाला हवा?

ते ऋद्धिपुरास पोहोचले. तेथे श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली, शक्तिस्वीकार झाला आणि श्रीप्रभूंनी त्यांना चक्रधर हे नाव दिले. नंतर सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे एकांतवास झाला. मग भ्रमण, प्रतिष्ठान, भक्तांचा मेळावा, बाइसा, नागदेवाचार्य, महदाइसा आणि इतर अनेकांचे उद्धरण, शेवटी इ.स. १२७४ च्या सुमारास उत्तरापंथे गमन. त्यानंतर काही वर्षांतच म्हाइंभटांनी ऋद्धिपुरात भक्तांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र रचले आणि मराठी गद्याचा पाया घातला. या सर्वांच्या मागे भडोचच्या घरात दिलेली एक अनुज्ञा उभी आहे. परमेश्वराला कोणाच्या अनुज्ञेची आवश्यकता नसते हे खरे. परंतु त्याने ती मागितली आणि जीवाला देण्याची संधी दिली, ही त्याची कृपा. विशाळदेवांनी अजाणता का होईना, ती संधी दवडली नाही.

आता या चरित्राकडे आजच्या वासनिकांच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. पांढरकवड्याच्या परिसरातील एखादा शेतकरी रात्री तापाने फणफणलेले लेकरू घेऊन मिळेल त्या वाहनाने यवतमाळच्या किंवा नागपूरच्या रुग्णालयाकडे निघतो. नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. तोच महामार्ग नागपूर ओलांडून पुढे गेला की मनसरहून रामटेकाचा फाटा फुटतो. म्हणजे हरिपाळदेवांनी ज्या रामयात्रेची अनुज्ञा मागितली, तिच्या दिशेनेच हा पिता लेकराला उराशी धरून जात असतो. वाटेतल्या प्रत्येक देवळापाशी त्याचे मन ओढ घेते. या देवतेला हे बोलावे, त्या देवतेला ते वाहावे. अनन्यतेचा नियम घेतलेला माणूसही अशा वेळी डळमळतो. त्याला कठोर शब्दांनी हिणवणे सोपे आहे, परंतु ते साधूला शोभत नाही. लेकराच्या अंगाचा चटका ज्याच्या छातीला लागतो आहे, त्याला आधार हवा असतो.

तो आधार विशाळदेवांच्या चरित्रातून मिळतो, परंतु खोटा मिळत नाही. नामस्मरण केले म्हणजे लेकरू हमखास उठेल, असे वचन ही कथा देत नाही. देवता आपापल्या मर्यादेत कर्माची फळे देतात, परमेश्वर सौदा करीत नाही. विशाळदेवांच्या पुत्राचा जीव परत आला नाही, हे विसरता कामा नये. ज्या आईबापांचे लेकरू रुग्णालयातून परत आले नाही, त्यांची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांनी ही कथा वाचावी. या कथेतला पिताही त्यांच्यापैकीच एक आहे.

औषधोपचार टाळणे हीही श्रद्धा नव्हे. भक्तांच्या दुखण्यात सर्वज्ञांनी विचारपूस केल्याच्या, उपचार सांगितल्याच्या लीळा आहेत. वैद्याकडे धाव घेणे हे पित्याचे कर्तव्य आहे, त्याने ते शेवटच्या घटकेपर्यंत करावे. त्या धावण्यात मुखी नाम असावे. ते वैद्याच्या जागी नसावे आणि लेकराची किंमत म्हणूनही नसावे. लेकरू आपले असले तरी आपल्या मालकीचे नाही, त्याचा खरा सांभाळ करणारा दुसरा आहे, ही आठवण जागी राहावी म्हणून ते असावे.

लेकरू बरे होऊन घरी आले तर? तेव्हा परीक्षा संपत नाही, सुरू होते. कुंपण घालण्याचा मोह त्याच दिवशी होतो. विशाळदेवांनीही तो अनुभवला, काही काळ ते त्याला वशही झाले, आणि अखेर त्यांनी हात मागे घेतला. मिळालेल्याला जाऊ देणारा तो हात हेच त्यांच्या श्रद्धेचे रूप होते. ते स्मशानातल्या आनंदाहून मोठे आहे, कारण तो आनंद त्यांना दिला गेला होता आणि ही अनुज्ञा त्यांनी स्वतः दिली.