डिकन्सची पायपीट

गेल्या वर्षी इंग्रजीच्या अभ्यासक्रमात आम्हांला ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी होती. खरे सांगायचे तर पहिली पन्नास पाने मी गाइडच्या आधारानेच पार केली. एक दिवस तास संपता संपता सर सहज सांगून गेले, की चार्ल्स डिकन्स जेवढा टेबलाशी बसून लिहीत असे, तेवढाच रस्त्याने चालत असे. दहा-बारा मैल चालणे ही त्याची रोजची सवय होती. ते ऐकून मी कान टवकारले. कारण चालणे हा माझाही रोजचा विषय आहे. तो कसा, ते शेवटी सांगेन. त्याच दिवशी ग्रंथालयातून त्याचे चरित्र घेऊन आलो आणि परीक्षा जवळ आलेली असूनही आठ दिवस तेच वाचीत बसलो.

डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ रोजी पोर्टस्मथ येथे झाला. वडील जॉन डिकन्स हे आरमाराच्या पगारखात्यात कारकून होते. माणूस बोलका, हौशी, पण हातात पैसा न टिकणारा. चार्ल्सच्या लहानपणीची काही बरी वर्षे चॅटम गावी गेली. वडिलांचे बोट धरून तो दूरवर फिरायला जाई. वाटेत गॅड्स हिल नावाच्या टेकडीवर एक टुमदार घर लागे. खूप मेहनत केलीस तर एक दिवस या घरात राहशील, असे वडील त्याला सांगत. पोराने ते मनात ठेवले.

१८२२ मध्ये कुटुंब लंडनला आले आणि दिवस फिरले. कर्ज वाढत गेले. घरातील वस्तू एकेक करून गहाण पडू लागल्या, पुस्तकेही गेली. फेब्रुवारी १८२४ मध्ये, नुकती बारा वर्षे पुरी झालेल्या चार्ल्सला हंगरफर्ड घाटावरच्या बुटाच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लावण्यात आले. थेम्स नदीच्या काठी एक पडकी, उंदरांनी भरलेली इमारत. तेथे बसून पॉलिशच्या बरण्यांवर कागद बांधायचा, दोऱ्याने आवळायचा आणि वर लेबल चिकटवायचे. मजुरी आठवड्याला सहा शिलिंग. थोड्याच दिवसांत, सुमारे ४० पौंडांच्या कर्जापायी, वडिलांची रवानगी मार्शलसी या कर्जदारांच्या तुरुंगात झाली. पुढे आई व धाकटी भावंडेही तेथेच राहायला गेली. चार्ल्स बाहेर एकटा राहिला.

त्याच्या पायपिटीची खरी सुरुवात येथे झाली. आरंभी तो कॅम्डन टाउनमध्ये एका बाईच्या घरी राहत असे. तेथून कारखाना सुमारे तीन मैल. सकाळी चालत जायचे, रात्री चालत यायचे. खिशातले पैसे मोजून ठरवायचे, की आज पाव घ्यायचा की शिळा केक. रविवारी बहीण फॅनीला तिच्या संगीतविद्यालयातून घेऊन तुरुंगात आईवडिलांना भेटायचे. पुढे त्याने तुरुंगाजवळच लँट स्ट्रीटवर खोली मिळवली आणि रोज ब्लॅकफ्रायर्सच्या पुलावरून ये-जा सुरू केली. लंडनचे पूल, बोळ, खानावळी, गहाणवटीची दुकाने यांची ओळख त्याला कोणी हौसेने करून दिली नाही. पोटाने करून दिली.

या काळातली एक हकिगत मला विसरता येत नाही. कारखान्यात बॉब फेगिन नावाचा, वयाने थोडा मोठा मुलगा होता. एकदा चार्ल्सच्या पोटात फार दुखू लागले, तेव्हा बॉबने रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून अर्धा दिवस त्याला शेक दिला आणि संध्याकाळी त्याला घरी पोहोचवायला निघाला. आता पंचाईत आली. घर कोणते दाखवायचे? वडील तुरुंगात आहेत हे बॉबला कळू द्यायचे नव्हते. चार्ल्सने बरेच आढेवेढे घेतले, पण बॉब ऐकेना. शेवटी साउथवर्कच्या पुलाजवळ एका परक्या घराच्या पायरीवर उभे राहून चार्ल्सने हेच आपले घर म्हणून बॉबचा निरोप घेतला. बॉब मागे वळून पाहील म्हणून त्याने दारही ठोठावले आणि दार उघडणाऱ्या बाईला मिस्टर रॉबर्ट फेगिन येथेच राहतात का, असे विचारले! ज्या मुलाने एवढी माया केली, त्याचे आडनाव पुढे डिकन्सने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील चोरांच्या म्होरक्याला दिले. असे का केले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. आपली लाजिरवाणी अवस्था ज्याने जवळून पाहिली, त्याच्या उपकाराचेही ओझे होत असावे.

वडील सुमारे तीन महिन्यांनी सुटले. पुढे काही काळाने चार्ल्सचे कामही सुटले आणि तो पुन्हा शाळेत गेला. पण त्याने कामावर परत जावे असे आईचे मत पडले होते. ते त्याने आईला कधी माफ केले नाही. हंगरफर्डचा तो भाग पाडला जाईपर्यंत त्याला तिकडे पाऊल टाकवत नसे. आणि ही गोष्ट त्याने जगापासून लपवून ठेवली. जिवलग मित्र जॉन फॉर्स्टर यालाच ती त्याने सांगितली, आणि फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती वाचकांना कळली, तेव्हा डिकन्स हयात नव्हता.

पुढचा उत्कर्ष सर्वांना ठाऊक आहे. वकिलाच्या कचेरीत कारकुनी, मग लघुलिपी शिकून पार्लमेंटचा वार्ताहर, आणि १८३६ मध्ये ‘स्केचेस बाय बॉझ’ व ‘पिकविक’. पंचविशी गाठेपर्यंत त्याचे नाव घराघरांत पोहोचले. आता गाडीघोडा परवडत होता. तरी माणूस चालतच राहिला. सकाळी नऊच्या सुमारास लिहायला बसायचे, दुपारी दोनपर्यंत लिहायचे आणि मग घराबाहेर पडायचे. ताशी चार मैलांहून अधिक वेग. बरोबर आलेले मित्र धापा टाकीत. १८४३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर सुमारे सहा आठवड्यांत त्याने ‘अ ख्रिसमस कॅरल’ लिहिले. त्या दिवसांत सारे लंडन झोपल्यावर तो पंधरा-पंधरा, वीस-वीस मैल अंधाऱ्या रस्त्यांतून भटके आणि मनातल्या मनात गोष्ट जुळवी.

परदेशात गेला तरी शहर ओळखायची त्याची रीत हीच. १८४२ मध्ये अमेरिकेला गेला तेव्हा बॉस्टनचे रस्ते त्याला आवडले. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांना बरोबर घेऊन तो फाइव्ह पॉइंट्स या दरिद्री वस्तीतील अंधारी बिऱ्हाडे पाहून आला. फिलाडेल्फिया मात्र त्याला सुंदर वाटूनही कंटाळवाणे झाले. तेथले सरळ, काटकोनी रस्ते तास-दोन तास तुडवल्यावर, एखादी वाकडी गल्ली मिळावी म्हणून तो आसुसला. १८४४ मध्ये तो इटलीत जिनोआला राहिला. समुद्र, बागा, राजवाड्यासारखे घर, सारे काही होते. तरी लेखणी चालेना, कारण लंडनचे रस्ते नव्हते. १८४६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान गावी ‘डोंबी अँड सन’ लिहिताना पुन्हा तेच. डोंगर-सरोवर त्याला पुरेना. रात्री दिव्यांनी उजळलेले, माणसांनी गजबजलेले रस्ते हवेत, असे तो फॉर्स्टरला कळवीत राहिला. त्या हिवाळ्यात पॅरिसला गेल्यावर इस्पितळे, तुरुंग, नाटकगृहे, अगदी बेवारशी प्रेते ठेवण्याची जागासुद्धा त्याने पायी पालथी घातली. निसर्गात मन रमते असे आपण निबंधात लिहितो. या माणसाचे मन गर्दीत रमत होते.

हे चालणे नुसत्या शौकाचे नव्हते. ‘ब्लीक हाउस’मधला रस्ता झाडणारा अनाथ जो, ‘लिटल डॉरिट’मधले मार्शलसीचे कैदी, ही माणसे त्याला रस्त्यानेच दिली. ‘लिटल डॉरिट’ संपवताना, १८५७ मध्ये, तो बंद झालेल्या मार्शलसीचे काय उरले आहे ते पाहायला स्वतः गेला. घराबाहेर फेकल्या गेलेल्या स्त्रियांसाठी १८४७ मध्ये बाई अँजेला बर्डेट-कूट्स यांनी काढलेल्या आश्रमाचा कारभारही त्याने कित्येक वर्षे पाहिला.

पण चरित्र वाचताना नायकाचे पाय मातीचेही दिसतात. ऑक्टोबर १८५७ मध्ये एका रात्री दोन वाजता तो अंथरुणातून उठला आणि लंडनच्या घरातून निघून थेट गॅड्स हिलपर्यंत, सुमारे ३० मैल, चालत गेला. होय, लहानपणीचे ते घर त्याने १८५६ मध्ये विकत घेतले होते. या पायपिटीमागे घरातील बेबनाव होता. दहा मुलांची आई असलेल्या कॅथरीनपासून तो १८५८ मध्ये विभक्त झाला आणि स्वतःची बाजू छापून जाहीर करून त्याने तिच्यावर अन्याय केला. त्याच ऑक्टोबरात, १८५७ च्या उठावाच्या बातम्या वाचून, त्याने बर्डेट-कूट्स यांना लिहिलेल्या पत्रात आपल्या देशातील लोकांचा समूळ नाश करण्याची भाषा वापरली. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. लंडनच्या अनाथ पोरासाठी रडणारा माणूस असे लिहू शकतो? दोन दिवसांनी पुस्तक पुन्हा उघडले. मला सुचलेले उत्तर एवढेच, की ज्या गल्ल्यांतून तो चालला, तेथली माणसे त्याला दिसली. आपल्या गल्ल्यांतून तो कधी चालला नाही. हे त्याचे समर्थन नव्हे. त्याच्या सहानुभूतीची हद्द त्याच्या पावलांपाशी संपत होती, इतकेच.

झोप न येण्यामुळे रात्री शहरभर घातलेल्या फेऱ्यांवर त्याने १८६० मध्ये ‘नाइट वॉक्स’ हा निबंध लिहिला. बेघर माणसाला रात्र कशी दिसते, ते त्यात आहे. १८६५ पासून मात्र पायांनीच दगा दिला. डावा पाय सुजू लागला, बूट चढेना. त्याच वर्षी ९ जून रोजी स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून तो वाचला, पण त्याची धास्ती घेतली ती कायमची. तरी १८६८ मध्ये बॉस्टनजवळ बर्फातून सुमारे १३ मैलांची चालण्याची शर्यत त्याने हौसेने भरवली आणि आपल्या दोन सहकाऱ्यांना त्यात उतरवले! बरोबर पाच वर्षांनी, ९ जून १८७० रोजी, गॅड्स हिलच्या त्याच घरात त्याचे निधन झाले. वय ५८. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला मूठमाती देण्यात आली.

आता माझे. मी कोल्हापुरात एका पेठेत खोली घेऊन राहतो. पहाटे साडेचारला उठून बिंदू चौकाच्या बाजूला जातो, पेपरचा गठ्ठा घेतो आणि सात वाजेपर्यंत घरोघरी पेपर टाकतो. सायकल नाही, म्हणून पायी. वडिलांच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे. माझा खर्च मीच भागवतो. वर्गातल्या मित्रांना मात्र दोन वर्षे मी हेच सांगत आलो, की पहाटे व्यायामासाठी फिरायला जातो. एकदा एका मित्राच्याच दारात पेपर टाकताना दिवा लागला, तेव्हा मी जिन्याखाली लपलो होतो. साउथवर्कच्या पुलाजवळची ती परकी पायरी वाचताना मला तो जिना आठवला.

डिकन्सची प्रतिभा माझ्यापाशी नाही. पण त्याने जे जन्मभर छातीशी बाळगले, ते मी दोन वर्षांत खाली ठेवतो आहे. हे नियतकालिक हाती पडेल तेव्हा त्या मित्राला कळेलच, की पावसाळ्यात त्याचा पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोण टाकत होता.