वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटनं म्हातारपणी माळ्यावर बसून मूर्ती कोरणारं मशीन बनवलं होतं

दापोलीत नवीन घर बांधलं की देवघरात सागवानी गणपती हवासा वाटतोच. आता कॉम्प्युटरवर डिझाईन टाकलं की सीएनसी मशीन अशी मूर्ती कोरून देतं.

पण मशीननं मूर्ती कोरायची खटपट दोनशे वर्षं जुनी आहे. ती करणारा गडी शाळेच्या पुस्तकातला, जेम्स वॅट. त्यानं सुधारलेल्या वाफेच्या इंजिनातूनच पुढं आगबोटी आल्या आणि दापोलीजवळच्या हर्णै बंदराला लागू लागल्या.

वॅटचा जन्म 1736 चा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकचा. वडील जहाजांचं सुतारकाम करायचे, त्यामुळं हत्यारं लहानपणीच हातात आली. 1769 मध्ये त्यानं सुधारलेल्या इंजिनाचं पेटंट घेतलं. मॅथ्यू बोल्टनसोबत धंदा केला, पैसा कमावला आणि 1800 मध्ये निवृत्ती घेतली.

चार वर्षांनी त्याचा मुलगा ग्रेगरी क्षयानं गेला. वय फक्त 27. त्यानंतरच्या वर्षांत वॅट बर्मिंगहॅमजवळच्या घराच्या माळ्यावर तासन् तास रमायचा. तिथंच त्यानं मूर्तींची नक्कल करणारी दोन मशीन बनवायला घेतली.

आयडिया साधी होती. एक बोथट टोक मूळ मूर्तीवरून फिरवायचं. ते जिथं वर-खाली होईल, तिथं त्याला जोडलेलं फिरतं पातं शेजारच्या दगडात तसंच कोरत जायचं. एक मशीन तेवढ्याच आकाराची मूर्ती करायचं, दुसरं लहान. पातं फिरवायला पायानं पॅडल मारायचं.

1819 मध्ये 83 व्या वर्षी वॅट गेला. या मशीनचं पेटंट त्यानं घेतलंच नाही. त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस ब्लँचर्डनं नमुन्यावरून बंदुकीचे लाकडी दस्ते कापणाऱ्या लेथचं पेटंट मिळवलं. 1952 मध्ये एमआयटीनं आकड्यांच्या हुकमावर चालणारं मशीन दाखवलं. नमुन्यावरच्या टोकाची जागा आकड्यांनी घेतली, आणि पुढं त्याचंच सीएनसी झालं.

वॅटचा माळा आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपलाय.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. वॅटच्या मशीनला आधी कुणीतरी घडवलेली मूर्ती लागायची. सीएनसीला फाईल लागते. त्या फाईलमधला गणपतीसुद्धा आधी कुणालातरी घडवावाच लागतो.