नायलॉनचा जनक आणि संशोधनाचा ताळेबंद

मासेमारीची जाळी, टूथब्रशचे केस, विहिरीवरचा दोर, टायरांतील धागा अशा असंख्य रूपांनी नायलॉन आपल्या जीवनात शिरले आहे. परंतु ज्याच्या प्रयोगशाळेत ते जन्मास आले, त्या वॉलेस ह्यूम कॅरोथर्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला ते बाजारात आलेले पाहता आले नाही. १९३७ च्या एप्रिलमध्ये तो गेला. नायलॉन या नावाने त्या धाग्याची जाहीर घोषणा झाली ती १९३८ च्या ऑक्टोबरात. संशोधनावर खर्च केलेल्या प्रत्येक रुपयाचे फळ त्याच आर्थिक वर्षात दाखवा, असा आग्रह धरणाऱ्यांनी या मनुष्याचे चरित्र एकदा तरी डोळ्यांखालून घालावे.

कॅरोथर्सचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे झाला. वडील डे मॉइन येथील एका वाणिज्य महाविद्यालयात शिकवीत. मुलानेही प्रथम तेथेच हिशेबलेखनाचे शिक्षण घेतले. पुढे मिझुरीतील टार्किओ महाविद्यालयात तो रसायनशास्त्र शिकू लागला आणि चरितार्थासाठी वाणिज्य शाखेत शिकवूही लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख महाविद्यालय सोडून गेले, तेव्हा त्या विषयाच्या अध्यापनाची धुरा या विद्यार्थ्यावरच आली. १९२४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट आणि १९२६ मध्ये हार्वर्डमध्ये अध्यापकपद, असा त्याचा पुढील प्रवास आहे.

त्याच सुमारास ड्यूपाँट या रासायनिक कंपनीचे संशोधन संचालक चार्ल्स स्टाइन यांनी आपल्या संचालकांपुढे एक धाडसी प्रस्ताव ठेवला होता. कोणताही विक्रेय माल डोळ्यांपुढे न ठेवता केवळ ज्ञानासाठी संशोधन करणारा एक विभाग कंपनीने चालवावा, असा तो प्रस्ताव होता. तो मान्य झाला आणि कॅरोथर्सला पाचारण करण्यात आले. त्याने प्रथम नकार दिला. पगार जवळजवळ दुप्पट होता, पण विद्यापीठातील स्वातंत्र्य तेथे मिळेल काय, ही त्याला शंका होती. शिवाय आपल्याला विषण्णतेचे झटके येतात आणि त्या काळात आपली कार्यशक्ती खचते, हेही त्याने प्रांजळपणे कळविले. स्वातंत्र्याची हमी मिळाल्यावर १९२८ च्या फेब्रुवारीत तो विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत रुजू झाला.

त्याने हाती घेतलेला प्रश्न शुद्ध शास्त्रीय होता. रबर, रेशीम, कापूस यांसारखे पदार्थ कशाचे बनलेले असतात? जर्मनीतील हेर्मान श्टाउडिंगर यांचे म्हणणे असे की, हजारो अणू नेहमीच्याच रासायनिक बंधांनी जोडून झालेले हे महाकाय रेणू आहेत. अनेक मान्यवरांच्या मते मात्र ते लहान रेणूंचे केवळ पुंजके होते. कॅरोथर्सने वाद घालण्याऐवजी असा रेणू एकेक कडी जोडून स्वतःच बांधावयाचे ठरविले. अल्कोहोल आणि कार्बनी अम्ल यांचा संयोग झाला की एस्टर तयार होते आणि पाणी बाहेर पडते, हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. एकच हात मोकळा असलेली दोन माणसे हातात हात घालून थांबतात. पण प्रत्येकाचे दोन्ही हात मोकळे असतील तर साखळी वाढतच जाते. त्याप्रमाणे दोन्ही टोकांना अल्कोहोल-गट असलेले रेणू आणि दोन्ही टोकांना अम्लगट असलेले रेणू त्याने एकत्र आणले. अशा साखळ्यांनाच बहुवारिके किंवा पॉलिमर म्हणतात.

१९३० च्या एप्रिल महिन्यात या कामाला दोन फळे आली. ॲसिटिलीन या साध्या हायड्रोकार्बनपासून मिळणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास करताना अर्नोल्ड कॉलिन्स या सहकाऱ्याला रबरासारखा एक घन पदार्थ मिळाला. तेलाने सहजी खराब न होणारे निओप्रीन हे कृत्रिम रबर त्यातूनच निघाले. दुसरीकडे ज्यूलियन हिल यांनी एस्टरच्या साखळीची वाढ रोखणारे पाणी विशेष उपकरणाने सतत काढून घेतले, तेव्हा रेणुभार बारा हजारांच्या पुढे गेला. तो वितळलेला पदार्थ कांडीने ओढताच त्याचा तंतू निघाला आणि थंड झाल्यावर ताणताच तो तंतू अधिकच बळकट झाला. दोष एवढाच, की हे पॉलिएस्टर गरम पाण्यात टिकत नसे.

एव्हाना जागतिक मंदी आली होती. स्टाइन यांच्या जागी आलेले एल्मर बोल्टन यांना उपयुक्त माल हवा होता. त्यांच्या आग्रहावरून कॅरोथर्स पुन्हा तंतूंकडे वळला. अल्कोहोलऐवजी अमाइन वापरल्यास बंध अधिक चिवट होतो. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी सहा कार्बन अणूंचे डायअमाइन आणि सहाच कार्बन अणूंचे ॲडिपिक अम्ल यांच्यापासून ते बहुवारिक तयार झाले. दोन्ही घटक कोळशापासून मिळणाऱ्या बेंझीनपासून करता येत असल्यामुळे बोल्टन यांनी त्याचीच निवड केली. १५ मे १९४० रोजी नायलॉनचे मोजे अमेरिकेत सर्वत्र विक्रीस आले आणि जपानी रेशमाची ती मोठी बाजारपेठ हातची जाऊ लागली. युद्धकाळात त्याच धाग्याच्या हवाई छत्र्या झाल्या.

हे यश भोगावयास कॅरोथर्स मात्र उरला नव्हता. १९३६ मध्ये त्याचा विवाह झाला आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले. तरीही, आपल्या हातून काहीच झाले नाही, ही भावना त्याला ग्रासून राहिली. रुग्णालयातील उपचारांचाही उपयोग झाला नाही. १९३७ च्या जानेवारीत लाडकी बहीण वारली. नायलॉनच्या एकस्वासाठी ९ एप्रिल रोजी अर्ज दाखल झाला आणि २९ एप्रिल रोजी, एकेचाळीस वर्षे पुरी होऊन दोनच दिवस झाले असता, त्याने आपली जीवनयात्रा संपविली. त्याची कन्या सात महिन्यांनी जन्मली. या दुःखाचे खापर कंपनीवर फोडणे न्यायाचे होणार नाही, कारण आजार जुना होता. पण हिशेबलेखन शिकलेल्या या माणसाला स्वतःच्या जमेची बाजू कधी दिसली नाही, ही गोष्ट चटका लावून जाते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या चरित्रातून दोन गोष्टी निघतात. पहिली, क्रमाची. बोल्टन यांच्या व्यवहारदृष्टीवाचून नायलॉन झाले नसते हे खरे. पण दिशा दाखविण्याइतके ज्ञान साठले होते ते स्टाइन यांनी दिलेल्या मोकळिकीमुळे. १९२९ च्या अखेरीस हिशेब मागितला असता, तर हा विभाग निव्वळ तोट्याचा ठरला असता. दुसरी, लाभाच्या वाटणीची. कॅरोथर्सने आपले निष्कर्ष मोकळेपणाने प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारे व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये इंग्लंडात वेगळे अम्ल वापरून उष्णतेला टिकणारे पॉलिएस्टर, म्हणजे टेरिलीन, शोधून काढले. ज्ञानाचा सारा लाभ खर्च करणाऱ्याच्या पदरात कधीच पडत नाही. म्हणूनच खाजगी भांडवल त्यात हात आखडते घेते आणि तो भार समाजाला उचलावा लागतो.

आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. गुणवत्तेची वाण नाही. तरीही संशोधनावरील आपला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे आणि त्यातही खाजगी उद्योगांचा वाटा तोकडा आहे. जे मिळते त्याच्यामागे उपयोगिता प्रमाणपत्रांचा तगादा असतोच. पैशाचा विनियोग प्रामाणिकपणे झाला की नाही, हे जरूर तपासावे; पण प्रश्नाचे उत्तर कोणत्या तारखेला मिळेल, हे लेखापरीक्षकाने ठरवू नये. आणि त्या प्रश्नापायी झिजणारा माणूस आतून खचत तर नाही ना, याची विचारपूस करणारेही कोणी तेथे असावे. ताळेबंदात या दोन्ही गोष्टींना रकाना नसतो. तो धोरण आखणाऱ्यांनीच आखून ठेवावा लागतो.