पदवी मिळाली, आता पुढे काय? साने गुरुजींची अमळनेरमधील सहा वर्षे

जून-जुलै आला की आपल्या मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. कुणाची मुलगी बी.एस्सी. झालेली असते, कुणाचा मुलगा बी.कॉम., तर कुणी इंजिनिअर. अनेक घरांत पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी आहे. त्यामुळे आनंद मोठा असतो आणि तो असायलाच हवा. सत्कार होतो, शाल दिली जाते, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात. मग तो मुलगा पुण्याला किंवा मुंबईला नोकरी शोधायला जातो. त्यातही काही चूक नाही, घर चालवायचेच असते. पण या पदवीचा आपल्या गल्लीला काय उपयोग झाला, हे मात्र कुणी विचारत नाही.

अमळनेरकरांना या प्रश्नाचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी असाच एक तरुण पदवीधर आपल्या गावात आला होता. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखले. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या गावी ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलननगरीला त्यांचेच नाव होते. 'श्यामची आई' आपल्या मुलांनाही माहीत आहे. पण ते पुस्तक लिहिण्याआधी हा माणूस अमळनेरात काय करत होता, हे आजच्या पदवीधरांनी समजून घेण्यासारखे आहे.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगड गावचा. घराणे कधीकाळी खोताचे होते, पण वडिलांच्या काळात गरिबी आली. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण झाली. औंधला राहून स्वस्तात शिकता येईल म्हणून गेले, तर तिथे प्लेगची साथ आली. पुण्यात कधी अर्धपोटी राहून शिकले. १९१७ मध्ये आई वारली, तेव्हा हा मुलगा शिक्षणासाठी दूर होता. शेवटच्या वेळी आपण आईजवळ नव्हतो, हे दुःख त्यांना जन्मभर राहिले. तरीही शिक्षण सोडले नाही. १९१८ मध्ये मॅट्रिक झाले, १९२२ मध्ये बी.ए. झाले आणि पुढे तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. केले. त्या काळी एम.ए. झालेली माणसे बोटावर मोजण्याइतकी असत. मोठ्या शहरात चांगली जागा मिळवणे त्यांना अवघड नव्हते.

ते अमळनेरला आले ते अभ्यासासाठी. श्रीमंत प्रतापशेठजींनी इथे तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था उभी केली होती. पण नुसत्या ग्रंथांत आणि चर्चेत त्यांचे मन रमले नाही. १९२४ मध्ये ते इथल्याच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले. तीच शाळा आज प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते. एम.ए. झालेला माणूस शाळेत मुलांना शिकवतो, हे काही लोकांना त्या वेळीही पायरी उतरल्यासारखे वाटले असेल. गुरुजींना तसे वाटले नाही.

शिकवण्याबरोबर त्यांच्याकडे छात्रालयाचे काम आले. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली मुले तिथे राहत. घरापासून दूर असलेली ही मुले कशी असतात, ते गुरुजींना स्वतःच्या अनुभवावरून माहीत होते. मुलांनी खोल्या अस्ताव्यस्त टाकल्या तर ते ओरडत नसत. मुले बाहेर गेली की स्वतः खोली झाडत, अंथरुणे घडी करून ठेवत, पुस्तके नीट लावत, मळलेले कपडेसुद्धा धुऊन टाकत. मुले परत येऊन बघत, शरमून जात आणि मग हळूहळू आपणच कामाला लागत. कुणी आजारी पडला तर रात्रभर त्याच्या उशाशी बसत. पगारातला बराच भाग गरीब मुलांवर खर्च होई. मी स्वतः शिक्षक आहे, म्हणून सांगतो, वर्गात चांगले शिकवणे तुलनेने सोपे असते. शाळा सुटल्यानंतर मुलांचे होऊन राहणे फार अवघड असते.

मुलांना जगात काय चालले आहे ते कळावे म्हणून ते हाताने लिहून एक दैनिक काढत. ते छात्रालयातच वाचायला मिळे. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' नावाचे मासिक सुरू केले. साधने काय होती? कागद, शाई आणि रात्रीचे जागरण. आज आपल्या प्रत्येक पदवीधराच्या खिशात त्याहून कितीतरी जास्त साधन आहे.

शाळेतली ही वर्षे जेमतेम सहा. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली आणि तुरुंगात गेले. पण सेवेची सवय तुरुंगातही सुटली नाही. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत, ती प्रवचने गुरुजींनी उतरवून घेतली. 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बाहेर आल्यावर खानदेशातील शेतकरी आणि अमळनेरचे गिरणी कामगार यांच्या बाजूने उभे राहिले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. 'इस्लामी संस्कृती' या नावाचे साने गुरुजींचे एक पुस्तक आहे. त्यात त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे जीवन मराठी वाचकांसाठी आदराने मांडले आहे. शेजाऱ्याचा धर्म आणि शेजाऱ्याची भाषा समजून घ्यावी, ही त्यांची आयुष्यभराची तळमळ होती. त्यातूनच त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली.

त्याच काळात दिल्लीतही असेच घडत होते. डॉ. झाकिर हुसैन बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये परतले आणि बंद पडू पाहणाऱ्या जामिया मिल्लियामध्ये तुटपुंज्या पगारावर रुजू झाले. पुढे ते देशाचे राष्ट्रपती झाले, पण त्याआधी वीसएक वर्षे त्यांनी एक शिक्षणसंस्था जगवली. आणि आपल्या दीनमध्ये तर हा धडा पहिल्यापासूनच आहे. बद्रच्या युद्धकैद्यांपैकी ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांच्या सुटकेसाठी प्रेषितांनी (स.) खंडणी म्हणून पैसा मागितला नाही, दहा मुलांना शिकवण्याची अट घातली. इल्म ही अमानत आहे, ती दुसऱ्यापर्यंत पोहोचवावी लागते.

आता माझ्या स्वतःच्या वर्गातली एक गोष्ट. माझ्या एका विद्यार्थिनीचे नाव शाळेच्या दाखल्यावर एका प्रकारे लिहिलेले होते आणि आधार कार्डावर दुसऱ्या प्रकारे. आपल्या नावांचे असे नेहमी होते. कुठे मोहम्मद, कुठे मोहंमद, कुठे नुसते मो. एवढ्या फरकामुळे तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. आईला मराठीतला सरकारी मजकूर वाचता येत नव्हता, वडील हातगाडीवर. दुरुस्ती होईपर्यंत तारीख निघून गेली आणि त्या वर्षाचे पैसे बुडाले. त्याच गल्लीत दोन घरे सोडून एक बी.कॉम. झालेला मुलगा राहत होता. त्याला कुणी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. दोष एकट्या त्याचा नाही. मी तिचा शिक्षक, मलाही तारीख गेल्यावरच कळले. ही टोचणी अजून आहे.

म्हणून या वर्षीच्या पदवीधर मुला-मुलींना माझी विनंती आहे. गुरुजींसारखे सगळे सोडून या, असे कुणी म्हणत नाही. नोकरी करा, आई-वडिलांना सुख द्या. पण आठवड्यातले दोन तास मोहल्ल्यासाठी ठेवा. मदरशात किंवा मशिदीच्या हॉलमध्ये, समाजमंदिरात, जिथे जागा मिळेल तिथे बसा. दहावी-बारावीच्या मुलांचे गणित-इंग्रजी घ्या. दाखला, आधार आणि रेशन कार्डावरची नावे जुळतात का ते अर्जाची वेळ येण्याआधीच तपासून द्या. उर्दू माध्यमातल्या मुलांना मराठी वाचायची सवय लावा, कारण तलाठी कार्यालयापासून बँकेपर्यंत त्यांना हीच भाषा लागणार आहे. मुलींनो, तुमची गरज तर जास्त आहे. ज्या घरात आम्ही पुरुष शिक्षक बोलू शकत नाही, तिथे तुम्ही चुलीपाशी बसून आईला समजावू शकता की हिला दहावीनंतर घरी बसवू नका. बाहेरगावी असाल तर रविवारी फोनवरून एका मुलाची जबाबदारी घ्या.

सुरुवात लहानच असेल. गुरुजींनीही आधी एक खोली झाडली होती. पुढच्या जूनमध्ये तुमच्या गल्लीत पेढे वाटले जातील, तेव्हा त्यातला एक पेढा तुम्ही शिकवलेल्या मुलाचा असावा, इन्शाअल्लाह.